घरी म्हणजे कुणाच्या?

किलिंदिनी बंदराच्या मागच्या शेडमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि बादली रिकामी करणं कुणाचंच काम नसतं,
तिथे मी तीन दिवस एक खिडकी बसवत होते.

भिंतीतली नव्हे.
आमच्याकडे तीन ब्रोकर आहेत, रात्रंदिवस निरोप घेतात:
ट्रक काट्यावर चढला, सील लागलं,
मालाबाच्या नाक्यावर कागद पोचले,
कागद परत आले.
सेकंदाला नऊशे. आणि बघायला
एक काळा पडदा, पांढरी अक्षरं
आणि मी.
मी रजेवर गेले की नुसताच पडदा.

ओमोंडी साहेब म्हणाले, "काडझो,
सगळ्यांना दिसेल असं काहीतरी कर. रंगीत."

पहिल्या दिवशी दोन स्पेस कमी पडल्या,
फाईलच्या बाविसाव्या ओळीत.
दिवस त्यातच गेला.
कालोलेनीला आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
छप्पर विणताना एक झावळी चुकली
तर गळणारच की, नवल कसलं त्यात.

दुसऱ्या दिवशी पत्त्याचा घोळ.
खिडकी ब्रोकरला विचारायची, कुठे राहतोस?
तो सांगायचा, घरी.
ती बिचारी स्वतःच्याच घरात शोधायची,
पलंगाखाली, दाराआड,
आणि तिसाव्या सेकंदाला थकून म्हणायची,
इथे कुणी नाही.
दुसऱ्याला विचारलं: घरी.
तिसऱ्याला: घरी.
रात्री अकराला, थंड चहा पिता पिता सुचलं,
घरी म्हणजे कुणाच्या?

तिघांच्या दारांवर खरे पत्ते लिहिले, गल्ली, नंबर.
अर्धं मोम्बासा असंच आहे म्हणा.
कुठे असतोस विचारलं की घरी,
आणि घर एक व्होईला, एक दोहाला,
एक आजीच्या कबरीशेजारी, जिथे पाणी नाही.

तिसऱ्या दिवशी उघडली.
हिरव्या रेघा, निळे चौकोन, आणि एक लाल आकडा:
काट्याचे निरोप वाचणारा
एकेचाळीस लाखांनी मागे.
सहा महिने हा आकडा कुणालाच माहीत नव्हता,
सकाळी नऊपासून तो कुणालाच सोसेना.
कंपालाहून फोन. कस्टमवाल्यांचा फोन.
साहेबांनी विचारलं, "हा लाल हिरवा करता येईल?"
मी म्हटलं, "रंग, की आकडा?"
ते उत्तर द्यायला थोडा वेळ थांबले.
ते थांबणं मला आवडलं नाही.

एक पडदा फाटकावरच्या खोलीतही लावला होता,
नुसता बघण्यापुरता, हात लावायची मुभा नाही.
तिथे रात्री त्सोफा असतो, पहारेकरी,
पार्टिशन कशाशी खातात त्याला ठाऊक नाही.
चौथ्या रात्री तो जिना चढून वर आला, धापा टाकत.
"तिसरी रेघ दोन वाजून दहाला खाली बसते.
काल बसली, परवाही बसली."
"मग?"
"तेव्हाच गारठ्याचे कंटेनर प्लगला लावतात.
अ‍ॅव्होकॅडोचे. माझा दिवा मंदावतो.
बावीस वर्षं मंदावतोय,
कुणी विचारलं नाही."

तिसरा ब्रोकर त्याच तारेवर होता.
रोज रात्री तो डुलकी घ्यायचा
आणि वाचणारा आपलं पान हरवून बसायचा,
पुन्हा मागून सुरुवात.
आम्ही तार बदलली. मी आणि इलेक्ट्रिशियन,
त्सोफाने टॉर्च धरला.

दोन दहा झाले. रेघ सरळ.
लाल आकडा हलला, लाखभर उतरला असेल,
मुंगीच्या पावलांनी.
पडद्यावर निरोप सरकत होते:
ट्रक काट्यावर चढला. सील लागलं.
त्सोफा चष्मा वर करून म्हणाला,
"हा ट्रक तर जूनमध्येच विकला. आत्ता चढला?"
"नाही, मार्चमध्ये. आत्ता वाचला."
"असं होय," तो म्हणाला,
आणि खुर्ची ओढून बसला,
मार्च पुढे सरकायची वाट बघत.